टॅपेटची टकटक आणि कानातला वारा

बंगळूरहून मोटारसायकलने पुण्याला निघालं, की तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा असा सुमारे ८४० किलोमीटरचा रस्ता पुढे असतो. नोकरीनिमित्त बंगळुरात राहणारे कितीतरी मराठी तरुण गणपतीला किंवा दिवाळीला याच रस्त्याने घर गाठतात. थांबे वगळून ताशी सरासरी ७० किलोमीटर धरले, तर इंजिन बारा तास चालतं. ते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे म्हणजे २,००० फेरे घेतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला २,००० वेळा उघडून मिटतो. तासाला १,२०,००० वेळा, आणि पुण्यात पोचेपर्यंत १४,४०,००० वेळा. या प्रत्येक वेळी पोलादावर पोलाद टेकतं, एक बारीक फट भरून निघते आणि पुन्हा उघडते. हा हिशेब समोर ठेवला, की इंजिन वाजतं याचं नवल वाटत नाही. ते इतकंच वाजतं याचं वाटतं. तरीही लांबच्या प्रवासाला गाडी काढणाऱ्यांची सगळ्यांत नेहमीची काळजी एकच असते: टॅपेट वाजतायत. गॅरेजमध्ये गाडी लावून पहिलं वाक्य तेच, आणि मागणीही तीच, की हा आवाज बंद करून द्या. ही मागणीच चुकीच्या जागी बोट ठेवते, असं माझं म्हणणं आहे. टॅपेटची टकटक ही इंजिनाने दिलेली माहिती आहे. ती गप्प करण्याच्या नादात इंजिनाला इजा होते, आणि ज्या आवाजाने माणसाला इजा होते तो, हेल्मेटभोवतीच्या वाऱ्याचा आवाज, बारा तास बिनतक्रार सोसला जातो.

आधी ती फट का ठेवतात ते पाहू. पोलादाची १० सेंटीमीटर लांबीची कांडी १०० अंश सेल्सिअसने तापली, की सुमारे ०.१२ मिलीमीटरने लांबते. अॅल्युमिनियम तेवढ्याच तापमानाला जवळपास दुप्पट पसरतं. इंजिनात या दोन्ही धातूंचे भाग एकमेकांना खेटून बसलेले असतात आणि ते सारखे तापतही नाहीत. जळून गेलेला वायू ज्याच्या अंगावरून बाहेर पडतो, त्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं जोर लावलेल्या इंजिनात ६०० अंशांच्या पुढे जातं. ताज्या हवेने न्हाणारा इनलेट व्हॉल्व्ह त्यामानाने थंड राहतो. थंड इंजिनात व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर अगदी चिकटून ठेवले, तर तापल्यावर लांबलेला व्हॉल्व्ह रॉकरला टेकून राहील आणि मिटायच्या वेळी पुरता मिटणार नाही. म्हणून दोघांमध्ये मुद्दाम थोडी जागा सोडतात. बहुतेक मोटारसायकलींत ही जागा मिलीमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आगेमागे असते, म्हणजे वहीच्या एका पानाच्या जाडीइतकी. जास्त तापणाऱ्या एक्झॉस्टला बहुधा इनलेटपेक्षा थोडी अधिक. कॅमचा उंचवटा फिरत आला, की रॉकर आधी हे पानभर अंतर ओलांडतो आणि मग व्हॉल्व्हला भिडतो. त्या भिडण्याचा आवाज म्हणजे टॅपेटची टकटक. मोजमापाप्रमाणे लावलेल्या फटीतून येणारी टकटक ही रचनेतच धरलेली असते.

आता ती फट कमी झाली तर काय होतं? एक्झॉस्ट व्हॉल्व्हने शोषलेली बहुतांश उष्णता, तो आपल्या सीटवर घट्ट टेकलेला असताना, सीटमधून सिलेंडर हेडमध्ये उतरते. मिटून बसण्याचे ते क्षण म्हणजे व्हॉल्व्हची विश्रांती. फट संपली, की व्हॉल्व्ह पुरता टेकत नाही, उष्णता बाहेर जायची वाट अडते, आणि त्या बारीक चिरेतून जळता वायू झोतासारखा निसटत राहतो. काही हजार किलोमीटरांत व्हॉल्व्हची कड जळून खाचते, कॉम्प्रेशन जातं, गाडी थंडीत उठत नाही, चढावर दम टाकते. या साऱ्या काळात टॅपेट मात्र वाजत नाहीत, कारण वाजायला फटच उरलेली नसते. शिवाय ही फट आपोआप कमी होण्याचीही वाट आहे. व्हॉल्व्ह सीटवर आपटून आपटून सीट हळूहळू आत बसते, व्हॉल्व्ह तेवढाच रॉकरकडे सरकतो आणि अंतर घटतं. कॅम किंवा रॉकर झिजला, तर उलट फट वाढते आणि आवाजही वाढतो. म्हणजे वाढता आवाज एक झीज सांगतो, तर कमी होत गेलेला आवाज दुसरी, अधिक महागात पडणारी झीज लपवतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण माणसांना लागू पडत असेल. व्हॉल्व्हच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नये. गाडी हल्ली किती शांत चालते, असं समाधान वाटू लागलं आणि बऱ्याच हजार किलोमीटरांत फट तपासलेली नसेल, तर ते समाधान फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पत्ती, लावून पडताळून घ्यावं.

जुन्या मेकॅनिकना हे बोटांनी ठाऊक होतं. १९५५ पासून मद्रासेत बनू लागलेल्या रॉयल एन्फिल्ड बुलेटच्या बिडाच्या इंजिनात कॅम खाली, क्रँकच्या शेजारी असतो. त्याची हालचाल दोन लांब पुशरॉड वर रॉकरपर्यंत पोचवतात. टॅपेट लावायचे तर इंजिन पूर्ण थंड हवं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. मग सिलेंडरच्या बुडाशी उजव्या अंगाचं छोटं झाकण काढायचं. आत दोन्ही पुशरॉड दिसतात आणि त्यांच्या तळाशी लॉकनट. नट ढिला करून लांबी अशी जुळवायची, की पुशरॉड अंगठा आणि तर्जनीत धरून सहज गोल फिरावा, पण वर-खाली हलवला तर हलू नये. फिरायला अडला तर फट नाही; वर-खाली खुळखुळला तर फट जास्त. इथे थंड इंजिनात जवळजवळ शून्य अंतर चालतं, कारण पुशरॉड अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि तापलेल्या सिलेंडरच्या वाढीशी जुळवून घेतात. लॉकनट कसताना माप थोडं सरकतं, म्हणून कसल्यावर पुन्हा फिरवून पाहायचं. कुठेही मोजपट्टी न लावता बोटांच्या संवेदनेवर होणारं हे काम आहे आणि त्याचा निकाल गाडी सुरू केल्यावर कानाने तपासला जातो. चांगल्या हाताने लावलेले टॅपेटही अगदी मुके होत नाहीत. ते एका लयीत, हलके आणि दोन्हीकडून सारखे वाजतात. त्यापेक्षा शांत करून द्या, असा गिऱ्हाईकाने हट्ट धरला, की मेकॅनिकला पुशरॉड एक आटा अधिक कसावा लागतो, आणि व्हॉल्व्ह जळण्याची सुरुवात त्या एका आट्यात असते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. तंत्रज्ञान पुढे गेलं आहे, फट स्वतः भरून काढणारे हायड्रॉलिक टॅपेट आहेत, मग टकटक सहन का करायची? हायड्रॉलिक टॅपेटमध्ये ऑइलच्या दाबावर चालणारं एक छोटं दट्ट्याचं यंत्र असतं आणि ते सतत अंतर भरत राहतं. हार्ले-डेव्हिडसनने १९४८ च्या इंजिनापासून ते वापरले. रॉयल एन्फिल्डनेही बिडाच्या इंजिनाला निरोप देताना २००९ च्या क्लासिकमध्ये हायड्रॉलिक टॅपेट दिले आणि पुशरॉड बोटांनी फिरवण्याचं काम संपलं. पण त्याच कंपनीने २०२० मध्ये मिटिऑर ३५० साठी नवं इंजिन आणलं, तेव्हा पुशरॉड काढून कॅम वर नेला आणि फट पुन्हा मोजून लावण्याची पद्धत स्वीकारली. हायड्रॉलिक टॅपेटचं वजन जास्त, जास्त फेऱ्यांना त्यांची साथ कमी, आणि त्यांचं सगळं काम स्वच्छ ऑइल वेळेवर पोचण्यावर अवलंबून. गाडी काही दिवस उभी राहिली, की त्यांतलं ऑइल उतरतं आणि सुरू करताच तेही काही सेकंद खडखडतात. जास्त फेऱ्यांच्या आधुनिक इंजिनांत कॅमखाली बकेट आणि ठरावीक जाडीच्या शिम असतात. तिथेही फट असतेच, फक्त लवकर बदलत नाही. दुकातीने मल्टिस्ट्राडा या प्रवासी गाडीच्या व्ही४ इंजिनात व्हॉल्व्ह-तपासणीचं अंतर ६०,००० किलोमीटरवर नेलं. म्हणजे अभियंत्यांनी सुधारलं ते तपासणीचं अंतर. फट नाहीशी करणं हे त्यांनी ध्येय मानलं नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. आवाज म्हणजे आदळणं, आदळणं म्हणजे झीज. मग टकटक निरुपद्रवी कशी? याचं उत्तर कॅमच्या आकारात सापडतं. कॅमचा उंचवटा एकदम चढत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना एक अगदी मंद चढ ठेवलेला असतो, आणि फट भरून निघण्याचं काम त्या चढावर, कमी वेगात होतं. म्हणून मापातल्या फटीत भाग एकमेकांवर आपटत नाहीत, टेकतात. फट त्या चढाच्या उंचीपेक्षा वाढली, की मात्र रॉकर वेगात असताना व्हॉल्व्हवर येऊन आदळतो, आवाज धारदार होतो आणि झीज खरोखर सुरू होते. त्यामुळे सगळी टकटक चांगली, असा अर्थ कोणी काढू नये. तिला वरची मर्यादा आहे आणि खालचीही आहे, आणि दोन्ही मर्यादा कंपनीच्या पुस्तिकेत मिलीमीटरमध्ये दिलेल्या असतात. कानाचं काम बदल ओळखण्याचं. निर्णय फिलर गेजच्या पातळ पत्तीने द्यायचा. आवाज ऐकून स्क्रू कसणं म्हणजे ताप न मोजता औषध देणं.

ऐकायचं तर काय ऐकायचं, याला साधे नियम आहेत. चार-स्ट्रोकच्या एका सिलेंडरच्या इंजिनात सायलेन्सरचा ठोका दोन फेऱ्यांत एकदा पडतो आणि प्रत्येक व्हॉल्व्हही दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. म्हणून टकटक सायलेन्सरच्या ठोक्याच्या चालीत असेल, तर ती बहुधा वरची, कॅम-रॉकरच्या बाजूची. ठोक्याच्या दुप्पट चालीत खोल, बोजड ठणका येत असेल, तर तो क्रँक किंवा बेअरिंगकडून येतो आणि ती गाडी लांबच्या प्रवासाला काढू नये. थंड इंजिनात पिस्टन सिलेंडरच्या भिंतीवर थपथपतो आणि तापल्यावर तो आवाज विरतो, कारण पिस्टन पसरून मोकळी जागा घेतो. सुरू करताच साखळी ओढल्यासारखी एक-दोन सेकंदांची खळखळ टायमिंग चेनची. ती ऑइलचा दाब चढल्यावरही थांबत नसेल, तर टेन्शनर पाहावा. खंबाटकी घाटाच्या चढावर मोठ्या गिअरमध्ये ओढताना डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, तर टॅपेटचा काही संबंध नाही. ते नॉकिंग असतं, आणि लगेच गिअर उतरवणं हा त्यावरचा तातडीचा उपाय. एक फसवा आवाज आणखी आहे. सायलेन्सरचा बेंड हेडला जिथे जोडतो तिथलं गॅस्केट फुटलं, की वायू निसटून हुबेहूब टॅपेटसारखं टिकटिकतं, आणि त्यापायी कितीतरी इंजिनांची झाकणं विनाकारण उघडली जातात. लांब दांड्याच्या पेचकसाचं टोक इंजिनाच्या एकेका भागावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून मेकॅनिक उगम शोधतात. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपचंच ते काम आहे.

आवाज बदललेला नसतानाही तो वाढल्यासारखा का वाटतो, हेही समजून घ्यायला हवं, कारण निम्मी काळजी तिथून जन्माला येते. माणसाचा कान २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि पातळ धातूच्या झाकणाखालची टकटक नेमकी तिथे जोरात असते. शक्तीने सायलेन्सरच्या घनगंभीर आवाजापेक्षा कितीतरी कमी असूनही ती टोचते. त्यात हल्लीच्या इंजिनांना बॅलन्सर शाफ्ट असतो, सायलेन्सर मवाळ असतात. पूर्वी ज्या थरथरीखाली टकटक झाकली जायची, ती थरथर गेली आणि टकटक उघडी पडली. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाभोवती आवाज शोषणारं पाण्याचं आवरण नसतं, उलट पंखांचे पातळ पत्रे स्वतःच झंकारतात. कंपन्या त्या पंखांमध्ये रबराचे ठोकळे बसवतात ते याचसाठी. बंगळूरच्या रहदारीने यात भरच पडते. सिल्क बोर्डच्या चौकात इंजिन चालू ठेवून पंधरा-वीस मिनिटं सरपटताना अंगावर वारा नसतो, ऑइल तापून पातळ होतं आणि सकाळी न ऐकू आलेली टकटक संध्याकाळी स्पष्ट होते. मेट्रोच्या खांबांजवळून, उड्डाणपुलाच्या कठड्याशेजारून, बसच्या पत्र्याला लागून जाताना तोच आवाज परतून कानावर येतो. मोकळ्या रस्त्यावर तो विखुरतो. प्रवासासाठी उंच काच बसवली, की अंगावरचा वारा अडतो आणि इंजिनाचा आवाज काचेवरून वर, थेट चालकाकडे वळतो. अशा वेळी इंजिन जसं होतं तसंच असतं. ऐकण्याची जागा बदललेली असते. म्हणून आवाजाची तुलना एकाच जागी, एकाच तापमानाला करावी. महिन्यातून एकदा सकाळच्या थंड इंजिनाचा एक मिनिटाचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवला, तर स्मरणशक्तीपेक्षा भरवशाचा पुरावा जमा होतो.

आवाज दाबण्यासाठी जाड ऑइल घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. जाड थर फटीत उशीसारखा बसतो आणि टकटक थोडी मंदावते, हे खरं आहे. पण व्हॉल्व्हची जागा ऑइलपंपापासून सर्वांत लांब असते, आणि गार पहाटे जाड ऑइल तिथे उशिरा पोचतं. ज्या भागांचा आवाज कमी करायचा, तेच भाग सुरुवातीचे क्षण कोरडे घासतात. रॉयल एन्फिल्डच्या हल्लीच्या ३५० सीसी इंजिनांना कंपनी १५डब्ल्यू-५० ऑइल सांगते, आणि तो आकडा इंजिनातल्या फटी आणि पंपाची ताकद धरून ठरवलेला असतो. कारचं ऑइल तर मोटारसायकलीत घालूच नये. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे ऑइलमध्ये भिजलेला क्लच घसरतो. आवाज दाबणारं ऑइल हे वेदना दाबणाऱ्या गोळीसारखं आहे. दुखणं कुठे आहे हे कळण्याची वाटही त्याने बंद होते.

आता मुद्द्याची दुसरी बाजू. व्हॉल्व्ह काढूनच टाकले, तर प्रवास शांत होईल का? याची दोन उदाहरणं बंगळूरच्याच परिसरात आहेत. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने मोटारसायकली बनल्या. १९९६ मध्ये तो कारखाना बंद झाला. या २५० सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्यांत कॅम नाही, रॉकर नाही, व्हॉल्व्ह नाहीत. वायूंची ये-जा सिलेंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांतून होते आणि त्या पिस्टनच उघडतो-मिटतो. टॅपेट नसूनही येझदी वाजतेच: पिस्टनची थपथप, रिंगांची खिणखिण, प्रायमरी चेनची सळसळ. दुसरं उदाहरण आजचं. बंगळूरच्याच अल्ट्राव्हायोलेट कंपनीने २०२२ मध्ये एफ७७ ही विजेवर चालणारी मोटारसायकल आणली. तिच्यात स्फोट नाही, पिस्टन नाही, सायलेन्सर नाही. शहरात ती जवळजवळ नि:शब्द वाटते. पण तीच गाडी महामार्गावर ताशी १०० किलोमीटरने पळवली, की चालकाच्या कानाशी पुन्हा गोंगाट उभा राहतो. तो येतो हेल्मेटच्या कडेवर फाटणाऱ्या हवेतून. इंजिन असो वा नसो, त्या वेगाला कानाशी राज्य वाऱ्याचंच.

आणि हा वारा कानाला नेमकी काय किंमत लावतो ते आकड्यांत पाहायला हवं. महामार्गावरच्या वेगाला हेल्मेटच्या आतला आवाज साधारण ९० ते १०० डेसिबलच्या घरात जातो. भारतातल्या कारखान्यांमध्ये आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही मर्यादा मानली जाते. अमेरिकेतली कामगार-आरोग्य संशोधन संस्था ८५ डेसिबलला आठ तासच सुरक्षित धरते, आणि दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी करते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. या हिशेबाने बंगळूरहून निघालेला चालक तुमकूर ओलांडण्यापूर्वीच दिवसभराचा वाटा संपवून बसलेला असू शकतो, आणि चित्रदुर्गाच्या पवनचक्क्यांखालचा आडवा वारा अजून पुढेच असतो. रात्री पुण्यात कानात जी शीळ घुमत राहते, ती आतल्या सूक्ष्म केसपेशी दमल्याची खूण आहे. त्या पेशी काही वेळा सावरतात. मेल्या तर पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटाने येणारं बहिरेपण सहसा ४,००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. म्हणजे टॅपेटची टकटक ज्या पट्ट्यात सर्वांत स्पष्ट ऐकू येते, तोच पट्टा वारा आधी खातो. टकटकीवर चिडून आणि वाऱ्याला मोकळं सोडून आपण ती टकटक ओळखणारा कानच गमावतो.

उपाय फार खर्चाचे नाहीत. मापाचं, गालाशी घट्ट बसणारं हेल्मेट. उंची अशी साधलेली काच, की तिच्यावरून आलेला खळबळता वारा थेट हेल्मेटवर आदळू नये. आणि लांबच्या टप्प्यात फोमचे इअरप्लग. नीट पिळून, कान वर ओढून आत बसवलेले प्लग २० ते ३० डेसिबल कमी करू शकतात. यावरचा आक्षेप हमखास येतो: मग हॉर्न ऐकू येणार नाही, मागचा ट्रक कळणार नाही. शंका रास्त आहे, पण प्लग सगळेच आवाज खाली आणतात, वाराही आणि हॉर्नही. त्यांच्यातला फरक बराचसा तसाच राहतो. वाऱ्याच्या भिंतीआड दबलेला कान जे वेगळं काढू शकत नाही, ते शांत झालेला कान अनेकदा वेगळं काढतो. शहराच्या संथ रहदारीत, जिथे वारा जवळजवळ नसतो, तिथे प्लगची गरज नाही. आणि ज्याची श्रवणशक्ती आधीच कमी आहे, त्याने तपासणी करूनच ते वापरावेत.

उलट टोकाचा एक विचार दुचाकीवाल्यांत रुजलेला आहे: सायलेन्सर काढून टाका, आवाज मोठा करा, लोक बाजूला होतात, जीव वाचतो. गाडीच्या आवाजाशी माणसं भावनेने बांधली जातात हे मान्य करायलाच हवं. हार्ले-डेव्हिडसनने तर १९९४ मध्ये आपल्या इंजिनाच्या ठोक्यासाठी ट्रेडमार्कचा अर्ज केला होता आणि २००० मध्ये मागे घेतला. पण मोठ्याने वाजणारा सायलेन्सर आवाज मुख्यतः मागे फेकतो, आणि धोका बहुधा समोरून येतो. इंजिनाच्या दृष्टीनेही तो तोट्याचा, कारण त्याच्या गर्जनेखाली वाढती फट, सैल चेन, फुटकं गॅस्केट असे सारे बारीक आवाज बुडून जातात. आणि रस्त्याकडेला राहणाऱ्यांचं काय? निवासी भागासाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाचे निकष मोडणाऱ्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय तीन महिने परवाना जातो. स्वतःच्या आनंदासाठी कोणाच्या आजारी माणसाची झोप मोडणं, हे प्रवासाच्या प्रेमात बसत नाही.

म्हणून इंजिनाच्या आवाजासोबत राहणं म्हणजे तो निमूट सोसणं असा अर्थ मी घेत नाही. ठरलेल्या अंतराला फट मोजायची, आकडे सर्व्हिसच्या वहीत तारखेसह लिहायचे, मागच्या खेपेपेक्षा अंतर घटतंय की वाढतंय ते पाहायचं, आणि मधल्या काळात कान जागा ठेवायचा. दोन गोष्टी आणि त्यांचा क्रम लक्षात ठेवला तरी पुरे. पहाटे गाडी काढताना, पूर्ण शांततेत, हेल्मेट न घालता इंजिन एक मिनिट ऐकावं. टायमिंग चेनची खळखळ थांबली, पिस्टनची थपथप मंदावू लागली, दोन्ही टॅपेट एका लयीत हलके वाजतायत, मागच्या महिन्यासारखेच. इंजिनाला जे सांगायचं होतं ते सांगून झालं. मग प्लग कानात घालावेत, हेल्मेट चढवावं आणि तुमकूरचा रस्ता धरावा. पुढचे बारा तास बोलणार आहे तो वारा, आणि त्याच्याकडे ऐकण्यासारखं काही नाही.